‘नव्वद टक्के नोटांवर कोकेन’: आकडा बरोबर, मग चुकतंय कुठे?

आमच्या विभागात दर शनिवारी पेपर वाचायची बैठक असते. पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांनाही आम्ही बोलावतो. प्रत्येकाने संशोधनातला एक निष्कर्ष आणायचा आणि त्यावर दहा मिनिटं बोलायचं, एवढाच नियम. मागच्या खेपेला एका मुलीने आणलेलं वाक्य होतं: अमेरिकेतल्या नव्वद टक्के नोटांवर कोकेन सापडतं.

पेंगुळलेली बैठक एकदम जागी झाली. मी विचारलं, "बरं, यावरून आपल्याला काय कळलं?"

"ताई, म्हणजे तिकडे कोकेनचं प्रमाण खूप आहे."

"कशातलं प्रमाण? माणसांमधलं, की नोटांवरचं?"

ती थांबली, मग हसून म्हणाली, "हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे लक्षातच आलं नव्हतं."

यात तिची एकटीची चूक नाही. ही बातमी जगभर याच थाटात छापली गेली आहे. आज याच वाक्याची नीट तपासणी करू. मुद्दाम हेच घेतलंय, कारण यातला आकडा खोटा नाही. खोटा आकडा पकडणं तसं सोपं असतं. खऱ्या आकड्यावरून काढलेला चुकीचा अर्थ पकडायला जास्त कष्ट पडतात, आणि मुलाखतीत बहुधा तेच विचारतात.

मूळ दावा काय होता?

२००९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीचं अधिवेशन वॉशिंग्टनमध्ये भरलं होतं. तिथे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ शाखेतले रसायनशास्त्रज्ञ युएगांग झुओ यांनी आपलं काम मांडलं. अमेरिका, कॅनडा, ब्राझील, चीन आणि जपान या पाच देशांतल्या तीसहून अधिक शहरांमधल्या नोटा त्यांनी तपासल्या होत्या. अमेरिका आणि कॅनडात ८५ ते ९० टक्के नोटांवर कोकेनचा अंश मिळाला, ब्राझीलमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास, चीनमध्ये २० आणि जपानमध्ये १२ टक्के. खुद्द वॉशिंग्टनमधल्या नोटांसाठी हा आकडा ९५ होता. आधीच्या तशाच अभ्यासाच्या तुलनेत दोन वर्षांत सुमारे २० टक्क्यांची वाढ झाल्याचंही सांगितलं गेलं. त्याचं एक संभाव्य कारण म्हणून आर्थिक मंदी पुढे आली: ताणाखाली असलेले लोक कोकेनकडे वळत असतील.

आधी चांगलं काय ते सांगते. नोट न फाडता, न विरघळवता, झटपट मोजता येईल अशी पद्धत त्यांनी वापरली. रसायनशास्त्राच्या बाजूने हे काम पक्कं आहे. ‘सापडलं’ म्हटलंय तिथे ते सापडलेलं आहे. माझी हरकत त्यापुढच्या उडीला आहे. ती उडी तीन ठिकाणी घसरते.

पहिली घसरण: किती सापडलं?

‘नव्वद टक्के’ या आकड्यात फक्त हो किंवा नाही एवढंच आहे, ‘किती’ नाही. ‘किती’साठी अमांडा जेनकिन्स यांचा २००१ चा छोटासा पेपर बघू. पाच शहरांतून प्रत्येकी दहा, अशा एक डॉलरच्या ५० नोटा. त्यातल्या ९२ टक्के नोटांवर कोकेन. सरासरी २८.७५ मायक्रोग्रॅम, मध्यक १.३७ मायक्रोग्रॅम, आणि व्याप्ती ०.०१ पासून ९२२.७२ मायक्रोग्रॅमपर्यंत.

इथे जरा थांबा आणि वही-पेन घ्या. सरासरी २८.७५ आणि मध्यक १.३७, म्हणजे तब्बल वीस पटींचा फरक. असा फरक दिसला की समजायचं, एखाद-दुसरा आकडा सगळ्यांना ओढून नेतोय. तो कोणता हे व्याप्तीतच दिसतं. ५० नोटांवरचं मिळून एकूण कोकेन साधारण १,४३७ मायक्रोग्रॅम भरतं, आणि त्यातले ९२२ एकट्या एका नोटेवर आहेत. ती नोट बाजूला ठेवली की उरलेल्यांची सरासरी दहाच्या घरात येते. प्रमाण विचलन १३९ दिलंय, तेही जवळपास सगळं त्या एका नोटेचंच देणं आहे.

आता हे प्रमाण डोळ्यांपुढे आणू. मिठाचा एक बारीक कण साधारण पन्नास-साठ मायक्रोग्रॅमचा असतो. मध्यकाच्या नोटेवर १.३७ मायक्रोग्रॅम, म्हणजे त्या कणाचा चाळिसावा भाग. नशा करणारा माणूस एका वेळी जेवढं ओढतो ते दहांच्या पटीतल्या मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि एका मिलिग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅम येतात. म्हणजे ‘कोकेन असलेली नोट’ या एकाच खान्यात आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबल्या: सुरळी करून नाकाला लावलेली नोट, आणि तिच्या शेजारच्या शेजारणीला चिकटून आलेली नोट. हो किंवा नाही असं मोजलं की दोघी सारख्याच दिसतात.

दुसरी घसरण: मर्यादा कोणी ठरवली?

ऑयलर, डार्विन आणि कोन यांचा १९९६ चा पेपर मला यासाठी आवडतो, की त्यांनी एकाच नोटांसाठी दोन आकडे दिले. ०.१ मायक्रोग्रॅमच्या वर कोकेन असलेल्या नोटा ७९ टक्के. १ मायक्रोग्रॅमच्या वर असलेल्या ५४ टक्के. नोटा त्याच, हातही तेच. फक्त रेष वर सरकवली आणि पंचवीस टक्के नोटा ‘स्वच्छ’ झाल्या.

आता झुओ यांच्या अमेरिकी नोटांवरचं सगळ्यात कमी प्रमाण बघा: ०.००६ मायक्रोग्रॅम. यंत्र इतकं बारीक पाहू लागलं की टक्केवारी वाढणारच. त्यामुळे १९९६ चे ७९, २००१ चे ९२ आणि २००९ चे ९० हे आकडे एका रांगेत मांडून ‘कोकेनचा वापर वाढतोय’ म्हणता येत नाही. वाढ माणसांच्या सवयीत झाली की यंत्राच्या नजरेत, हे आधी वेगळं करावं लागतं. दोन अभ्यासांची तुलना करायची तर दोन्हीकडे एकच रेष लागते. ती रेष नसेल तर मंदीचं कारण शोधायला जाणं म्हणजे मूल जन्मायच्या आधीच बारशाची तयारी.

आणखी एक गंमत. २००७ मध्ये डब्लिन सिटी विद्यापीठाच्या गटाने ४५ युरो नोटा तपासल्या. कोकेन किती नोटांवर? पंचेचाळीसच्या पंचेचाळीस. शंभर टक्के. आता या मापाला पुढे जायला जागाच उरली नाही. उद्या तिथला वापर दुप्पट झाला तरी शंभर टक्के, निम्मा झाला तरी बहुधा शंभराच्या जवळपासच. परीक्षेत सगळ्यांनाच पैकीच्या पैकी मार्क पडले तर त्या परीक्षेवरून कोण हुशार हे कळत नाही, तसंच हे. मोजमाप अचूक आहे, पण आपल्या प्रश्नाच्या कामाचं राहिलेलं नाही.

तिसरी घसरण: तिथे पोचलं कसं?

डॉलरची नोट तीन भाग कापूस आणि एक भाग लिनन अशा धाग्यांची असते. हात लावला की खरखरीत लागते. त्या धाग्यांच्या फटींमध्ये बारीक स्फटिक अडकतात आणि सहज झडत नाहीत. अशी एक भरलेली नोट बँकेतल्या नोटा मोजायच्या यंत्रात गेली, की रबराच्या चाकांना थोडं लागतं आणि पुढच्या गड्डीला वाटलं जातं. पाकीट, गल्ला, एटीएम, सगळीकडे नोटा नोटांना घासतच असतात.

म्हणजे नोटांवरची टक्केवारी दोन गोष्टींचा गुणाकार आहे: कोकेन चलनात किती शिरलं, आणि चलन आपापसांत किती घासलं गेलं. दुसरी गोष्ट देशोदेशी बदलते. नोट किती वर्षं फिरते, किती वेळा यंत्रातून जाते, कागदाची आहे की प्लास्टिकची, हे सगळं त्यात येतं. जपान आणि अमेरिका यांच्या आकड्यांतल्या फरकाचा मोठा भाग कोकेनच्या बाजाराचा असेलही. पण तो सगळाच त्याचा आहे असं म्हणण्यासाठी दुसरी बाजू मोजायला हवी. शिवाय लहान नमुन्यातली टक्केवारी फसवी असते. समजा एखाद्या देशाच्या सोळाच नोटा हाती आहेत; मग १२ टक्के म्हणजे फक्त दोन नोटा. तिसरी सापडली असती तर १९ टक्के झाले असते. म्हणून टक्केवारीखाली छेद किती आहे हे बघायची सवय लावा.

इथे माझी फजिती सांगायला हवी. माझं काम द्राक्षांवर उरणाऱ्या कीटकनाशकांच्या अंशांवर आहे. दुसऱ्या वर्षी एका कीटकनाशकाचं शिखर मला प्रत्येक नमुन्यात दिसायला लागलं. बागेमागून बाग, सगळीकडे. मी हवेत होते. पेपरचं शीर्षकसुद्धा मनात तयार. गाईडनी आलेख बघितला आणि एवढंच विचारलं, "ब्लँक लावला होतास का?" नव्हता लावला. लावला, तर नुसत्या द्रावकातही तेच शिखर. आधीच्या प्रमाणित द्रावणाचा अंश माझ्याच बाटल्यांमध्ये राहिला होता. पंधरा दिवसांचं काम गेलं. द्राक्षं निर्दोष, आरोपी मी.

नोटांच्या बाबतीत ब्लँक म्हणजे कोरी, चलनात न आलेली नोट. पण तेवढ्याने भागत नाही. कोऱ्या नोटेशी तुलना केली तर ‘ही नोट चलनात फिरली आहे’ एवढंच सिद्ध होतं. आपल्याला पार्श्वभूमी हवी: तुमच्या-माझ्यासारख्यांच्या खिशातल्या साध्या नोटांवर किती असतं? ब्लँक आणि पार्श्वभूमी या दोन गोष्टींची गल्लत आपल्याकडच्या प्रबंधांतही भरपूर होते.

एवढा कीस कशाला?

कारण या आकड्यांवर माणसांचे पैसे जातात. अमेरिकेत रोख रक्कम अमली पदार्थांच्या व्यवहारातली आहे असं वाटलं तर सरकार ती जप्त करून थेट त्या रकमेवरच दावा लावू शकतं. मालकावर गुन्हा सिद्ध व्हावाच लागतो असं नाही. म्हणून खटल्यांची नावंही ‘अमेरिका विरुद्ध ३०,०६० डॉलर’ अशी विचित्र असतात.

हा खटला १९९४ साली नवव्या सर्किटच्या अपील कोर्टापुढे होता. पोलिसांच्या कुत्र्याने नोटांकडे पाहून इशारा दिला होता. कोर्टापुढे असं आलं की लॉस एंजेलिसमध्ये चलनातल्या ७५ टक्क्यांहून जास्त नोटांवर अमली पदार्थांचे अंश आहेत. मग कुत्र्याने इशारा केला यावरून काय ठरणार? जो पुरावा जवळपास प्रत्येकाविरुद्ध लागू पडतो, तो कुणाविरुद्धच फारसा उपयोगाचा नसतो. सरकार हरलं.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, चला, न्याय झाला, नोटांवरचं कोकेन हा पुरावाच नाही. घाई करू नका. २००५ मध्ये सातव्या सर्किटपुढे ३०,६७० डॉलरचा खटला आला. तिथे कोर्टाने विज्ञान एक पायरी पुढे जाऊन वाचलं. संशोधनातून असं दिसलं होतं की कुत्रा शुद्ध कोकेनच्या कणांना इशारा देत नाही. तो ओळखतो मेथिल बेन्झोएटचा वास. कोकेनचं विघटन होताना हे रसायन तयार होतं आणि झपाट्याने उडून जातं. म्हणजे महिनोन्‌महिने फिरलेल्या नोटेवर कोकेनचे कण राहतील, पण वास राहणार नाही. मग कुत्र्याच्या इशाऱ्याचा अर्थ ‘अलीकडेच, बऱ्यापैकी कोकेनच्या सान्निध्यात’ असा होऊ शकतो. इथे सरकार जिंकलं.

दोन कोर्टं, एकाच तऱ्हेचा पुरावा, उलट निकाल. मला यातलं शिकण्यासारखं हे वाटतं की ‘सगळ्याच नोटा दूषित आहेत’ हेही ब्रह्मवाक्य नाही. ते यंत्राने मोजलेल्या कणांबद्दल खरं आहे, कुत्र्याच्या नाकाबद्दल आपोआप खरं होत नाही. टीका करणाऱ्यालाही आपलं वाक्य नेमकं कशाबद्दल आहे हे सांगावं लागतं. नाहीतर तोही त्याच खड्ड्यात.

मग चांगला प्रश्न कसा दिसतो? ब्रिटनमध्ये एमी विल्सन, कॉलिन एटकेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ च्या सुमारास तो मांडला. त्यांनी ‘कोकेन आहे का?’ हे विचारलंच नाही. त्यांनी विचारलं: गड्डीतल्या नोटांवर कोकेनची जी मांडणी दिसते, ती गड्डी अमली पदार्थांच्या गुन्ह्यातली असेल तर किती संभवनीय, आणि साध्या चलनातली असेल तर किती? या दोहोंचं गुणोत्तर म्हणजे पुराव्याचं वजन. शेजारशेजारच्या नोटा एकमेकींना लागतात, म्हणून त्यांचे आकडे स्वतंत्र धरायचे नाहीत, हेही त्यांनी गणितात घेतलं. वर आपण ज्याला अडचण म्हणालो, ते नोटांचं घासणं, त्यांनी मॉडेलचा भाग केलं.

सापडणं आणि विचारणं

कोकेनच्या इतिहासात हा धडा आधीच गिरवून झालाय. १८६० साली ग्यॉटिंगेनमध्ये आल्बर्ट नीमान या तरुण संशोधकाने कोकाच्या पानांतून कोकेन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. तोच त्याचा पीएचडीचा प्रबंध. जिभेवर ठेवलं की जीभ बधिर होते, अशी नोंदही त्याने केली. नोंद सापडली, छापली गेली, आणि चोवीस वर्षं तशीच पडून राहिली.

१८८४ मध्ये व्हिएन्नात दोन मित्र याच पदार्थावर काम करत होते. सिगमंड फ्रॉइडने ‘कोकाविषयी’ हा गाजलेला निबंध लिहिला: थकवा, उदासी, अपचन, मॉर्फिनचं व्यसन, सगळ्यांवर कोका उपयोगी. आधार होता स्वतःवरचे अनुभव, थोडे रुग्ण, आणि अमेरिकेतून आलेले अहवाल. त्यातले बरेच अहवाल डेट्रॉइटच्या ज्या मासिकात आले होते, ते कोकेन विकणाऱ्या पार्क-डेव्हिस कंपनीच्या घरचंच मासिक होतं. मॉर्फिन सुटावं म्हणून त्याने आपला मित्र फ्लाइश्ल-मार्क्सोव याला कोकेन दिलं. मित्राला कोकेनचंही व्यसन लागलं. त्याच वर्षी कार्ल कोलरने एकच अरुंद प्रश्न विचारला: हे डोळ्यात घातलं तर डोळा बधिर होतो का? आधी बेडूक, मग ससा आणि कुत्रा, मग स्वतःचा डोळा. सप्टेंबर १८८४ मध्ये हायडेलबर्गच्या परिषदेत त्याचं काम वाचून दाखवलं गेलं आणि डोळ्याची शस्त्रक्रिया कायमची बदलली. एकाच बाटलीतला पदार्थ, एकच शहर, एकच वर्ष. फरक प्रश्नाच्या रुंदीचा.

इतिहास-समाजशास्त्रवाल्यांनी हे फक्त प्रयोगशाळेचं समजू नये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या मुंबईत आणि कलकत्ता-दिल्लीतही कोकेन पानाच्या विड्यातून खाल्लं जायचं. त्या काळातल्या वापराचा अंदाज घ्यायला गेलात तर हाती बरेचसे सरकारी कागद येतात: जप्ती, अटका, खटले. जप्ती वाढली तर खाणारे वाढले, की पोलिसांचे डोळे उघडले? नोट तपासणाऱ्या यंत्राची मर्यादा आणि अबकारी खात्याची तत्परता, दोघांना एकच प्रश्न विचारायचा असतो.

तर त्या मुलीने शनिवारच्या शेवटी आपलं वाक्य पुन्हा लिहिलं. नवं वाक्य असं: ‘अमेरिकेत चलनातल्या बहुतेक नोटांवर मायक्रोग्रॅमच्या पातळीवर कोकेन सापडतं, यावरून नोटा एकमेकींना किती लागतात हे कळतं, पण किती माणसं कोकेन घेतात हे थेट कळत नाही.’ पहिल्या वाक्याइतकं चटकदार नाही. बातमीत छापलं जाणार नाही. पण त्यातल्या प्रत्येक शब्दाचा पुरावा ती देऊ शकते.

तुमच्या आराखड्यातलं सगळ्यात आवडतं वाक्य आज काढा. त्यात ‘आढळते’, ‘दिसून येते’, ‘सापडते’ असं काही असेलच. त्याच्या शेजारी पेन्सिलने चार गोष्टी लिहा: किती, कोणत्या मर्यादेच्या वर, कशाच्या तुलनेत, आणि तिथे पोचलं कसं. चारही भरता आल्या तर वाक्य ठेवा. नाही आल्या, तर घाबरू नका. रिकामी राहिलेली जागा हाच बहुतेक तुमचा खरा संशोधन-प्रश्न असतो. माझा तरी तिथेच सापडला. ब्लँकच्या बाटलीत.